साफ केलेले बाबा

माझा दादा फोटो स्टुडिओ चालवतो आणि त्याच्या हातून आजवर एकही कुरूप माणूस बाहेर पडलेला नाही. तोंडभर पुळ्या घेऊन जा, डोळ्यांखाली काळं घेऊन जा, दादा संगणकासमोर बसणार, जीभ दातांत धरणार आणि म्हणणार, "टकाटक करून देतो." गल्लीत त्याचं नावच टकाटक पडलं. एकदा एका गिऱ्हाइकाचा पासपोर्टचा फोटो परत आला, कारण समोरचा माणूस आणि फोटोतला माणूस एकच आहे हे अधिकाऱ्याला पटेना. दादाला वाईट वाटावं की नाही? छे! "बघ, किती फरक पाडला मी," असं छाती फुगवून सांगत फिरला. अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं!

घरच्यांनाही त्यानं सोडलं नाही. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये चेहरा आपोआप गुळगुळीत करायची, भुवया भरून द्यायची सोय त्यानं स्वतः बसून कायमची चालू करून दिली होती. मूळ फोटो ठेवायचे नाहीत, हा त्याचा नियम. "जागा खातात. आणि डाग कशाला जपायचे? माणूस चांगलाच लक्षात राहिला पाहिजे." मी म्हटलं, "दादा, मग लक्षात राहील तो माणूस कोण असेल?" तर म्हणाला, "तू आपली दुकानात गोळ्या वीक." मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणून हा टोमणा. मीही मग नाद सोडला. खरं सांगायचं तर फोटोत माझं नाक बरं दिसायचं, मला कशाला नको असेल?

आमचे बाबा वेल्डर. जन्मभर गेटं आणि खिडक्यांचे गज जोडले. तरुणपणी एकदा ठिणगी उडाली आणि एका भुवईचा बाहेरचा अर्धा भाग जळाला, तिथं पुन्हा केस आलेच नाहीत. गाल खरबरीत, ओठ एका बाजूला किंचित ओघळलेला. गेल्या काही वर्षांत ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग आम्ही. नाव विचारलं की हसून म्हणायचे, "तुम्हीच सांगा." पाय मात्र ठणठणीत. दाराला वरची कडी लावल्याशिवाय वहिनी न्हाणीघरातसुद्धा जायची नाही.

त्या रविवारी पार्सलवाला आला. वहिनीनं पार्सल घेतलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत धावली. कडी राहिली. मी माझ्या घरी कपडे वाळत घालत होते, तोच तिचा फोन आला. "बाबा... बाबा घरात नाहीत गं."

आमच्या वस्तीच्या टोकाला मोठा रस्ता आहे, ट्रक तिथं डोळे मिटून पळतात. बाबा रस्ता ओलांडताना इकडंतिकडं बघायचंही विसरले होते. कोणी हाताला धरून विचारलं, तरी घर कुठं ते त्यांना सांगता येणार नव्हतं.

तासभर गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पोलीस चौकी गाठली. हवालदार बाई होत्या, जेवणाचा डबा बाजूला सारून त्यांनी फोटो मागितला. दादानं वाढदिवसाचा फोटो दिला. तो त्यानं आधीच वस्तीच्या सगळ्या ग्रुपवर टाकला होता. बाई फोटोकडं बघत राहिल्या.

"वय काय म्हणालात?"

"शहात्तर."

"यात तर पन्नाशीचे वाटतात. अंगावर ओळखीची खूण?"

"भुवई जळलेली आहे," दादा म्हणाला.

"कुठली?"

"उजवी," दादा म्हणाला. "डावी," वहिनी म्हणाली. दोघं एकदमच बोलले आणि मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. जन्मल्यापासून पाहिलेला चेहरा, आणि मला भुवई सांगता येईना! डोळे मिटले तर समोर तो वाढदिवसाचा फोटोच यायचा. दोन्ही भुवया भरगच्च, गाल लोण्यासारखे.

मग आम्ही तिघं चौकीच्या बाकावर बसून फोन चाळायला लागलो. बाबा झोपाळ्यावर, बाबा नातवंडांसोबत, बाबा दवाखान्यात. शेकडो बाबा. एकाचीही भुवई जळलेली नव्हती. वहिनीनं हळूच काढलेल्या, झोपलेल्या बाबांच्या फोटोतही नाही, कारण तो फोनसुद्धा दादानंच शिकवून ठेवलेला. आम्ही लक्षात ठेवायचं काम फोनवर सोपवून निवांत झालो होतो, आणि फोननं आम्हाला आवडेल तेवढंच ठेवलं होतं. बाईंच्या नजरेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरम्यान ग्रुपवरून निरोप येतच होते. बागेत बसलेत म्हणून धावलो, तर तिथं एक ऐटबाज निवृत्त साहेब. त्यांच्याभोवती चार पोरं जमून "आजोबा, घरी चला" म्हणत होती आणि साहेब काठी उगारून सगळ्यांचा उद्धार करत होते. एरवी मी हसून लोळले असते. साहेब फोटोतल्या बाबांसारखे अगदी हुबेहूब दिसत होते.

दादाच्या स्टुडिओत आलो तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी कडीचं पुटपुटत रडत होती आणि दादा तिसऱ्यांदा तोच फोटो पाठवायला निघाला होता. माझं डोकंच फिरलं. "नको पाठवू तो मेला फोटो! त्या माणसाला शोधतेय सगळी वस्ती, आपल्या बापाला कोणी शोधत नाहीये. बाबा आज हरवलेच नाहीत, तू त्यांना कधीच पुसून टाकलंयस!"

बोलून गेले आणि जीभ चावली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. उलट बोलेल, हात उगारेल असं वाटलं. तो गेला आणि संगणकासमोर बसला. वाढदिवसाचा फोटो उघडला, मोठा केला.

"किती वेळा भरलीय मी ही भुवई," तो म्हणाला. "हाताला आठवत असेल."

त्यानं डोळे मिटून हात माऊसवर ठेवला. हात सरळ पडद्याच्या उजव्या बाजूला गेला आणि थांबला. दादानं डोळे उघडले. "अरे देवा! पडद्यावरची उजवी म्हणजे बाबांची डावी. ही बरोबर सांगत होती." वहिनीनं रडणं थांबवलं.

मग त्यानं एकेक गोष्ट परत ठेवायला घेतली. भुवईचा बाहेरचा अर्धा भाग पुसला. गालावरचे खड्डे परत घातले, मानेच्या वळ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या. "ओठ," वहिनी म्हणाली, "खाली, आणखी खाली." मला एकदम कानाजवळचा चामखीळ आठवला, मी लहानपणी तो ओढायचे. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला की आम्ही तिघंही दचकत होतो. पण पडद्यावर हळूहळू बाबा यायला लागले, थकलेले, ओबडधोबड, आमचे. जन्मभर डाग पुसणारा माणूस डाग रंगवत बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळा खोटाच फोटो होता तो, हातानं रंगवलेला. पण तो पाहून वहिनी म्हणाली, "हे, हे आपले बाबा," आणि दादानं तो पाठवला.

थोड्याच वेळात फोन आला. मोठ्या रस्त्यापलीकडच्या लोखंडाच्या गोदामाचा रखवालदार बोलत होता.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा त्याच्या खुर्चीत बसले होते. पायात एकच चप्पल, सदऱ्याला धूळ, हातात पाण्याचा पेला. तो रस्ता त्यांनी कसा ओलांडला असेल! वहिनीनं जमिनीवर बसकणच मारली.

"दुपारपासून इथंच आहेत," रखवालदार म्हणाला. "मला तुमचा पहिला फोटोही आला होता हो. मी यांच्या तोंडाशेजारी धरून पाहिला, म्हटलं, हे ते नव्हेत. तरी खात्री करावी म्हणून यांनाच दाखवला. विचारलं, आजोबा, हे तुम्ही का? तर म्हणाले, छे, छे, हा कोणी दुसराच दिसतो. मग म्हटलं उगाच कोणाला कशाला त्रास द्या."

दादा बाबांच्या पायाशी उकिडवा बसला. त्यानं त्यांचा अनवाणी पाय हातात घेतला आणि तळव्याचे खडे काढायला लागला. त्याला हुंदका आवरेना. बाबा बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. त्याला ओळखलं की नाही, देव जाणे. पण कोणी रडतंय एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या फोटोतल्या माणसाचे घरचे का तुम्ही?" त्यांनी काळजीनं विचारलं. "सापडला का तो?"

दादानं मान खाली घातली. "नाही, बाबा," तो म्हणाला. "तो नाही सापडायचा आता."