तायडे बाईंचे चिंचोके

तायडे बाईंवर मी लिहावं, एवढी माझी पायरी नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेतले निबंध सोडले तर आजवर मी काही लिहिलेलं नाही. बाईंचे कितीतरी हुशार विद्यार्थी आहेत. हे काम त्यांनी करायला हवं होतं. पण बाई कागद कसा वाचत, हे त्यांच्यापैकी कोणी इतक्या जवळून पाहिलेलं नसावं. मी पाहिलं आहे. म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करावं.

बाई वाशीमच्या कॉलेजात आम्हाला गणित शिकवत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या फरशीवर बसल्या होत्या. समोर खडूने एका रांगेत चौकोन आखलेले, शेजारी वाटीभर चिंचोके. एक ओळ वाचायच्या, एक चिंचोका एका चौकोनात ठेवायच्या, पुन्हा कागदाकडे पाहायच्या. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बाई एकट्याच काही खेळतात की काय! कागदावर संगणकाचा प्रोग्रॅम होता. चौकोन म्हणजे यंत्राच्या स्मृतीतली घरं, आणि चिंचोके म्हणजे त्या घरांत ठेवलेली अक्षरं.

बाईंनी संगणक आयुष्यात एकदाच पाहिला होता, नागपूरला, एका उन्हाळी वर्गात, सहा आठवडे. वाशीमला तो कुठून येणार? पण वाचायची सवय त्यांनी सोडली नाही. कॉलेजात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. घरी मात्र आपली वऱ्हाडी. म्हणायच्या, "ज्याच्याजोळ यंत्र हाये, थो चूक झाल्यावर पाह्यते. आपल्याजोळ यंत्रच नाही, मंग आपल्याले आधीच पाहा लागते."

पुढे मला बाहेरच्या मोठ्या शहरातल्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे नवं यंत्र आलं होतं आणि सी नावाची नवी भाषा. मी सुट्टीत घरी येताना संगणक खोलीतली रद्दी मागून आणायचो आणि बाईंना द्यायचो. सी भाषेचं सायक्लोस्टाइल केलेलं टिपणही नेऊन दिलं. महिनाभरात त्या माझ्याच चुका काढू लागल्या. मी घाईने "हो, समजलं" म्हणालो की चष्म्यावरून पाहायच्या. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी तिसरीत होती. माह्या बाबानं एकच सांगतलं. समजल्याबिगर मान हालवाची नाही."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी अवेळी गावी आलो. वडील कामरगावच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायला निघाले होते. त्यांनी विचारलं, "सुट्टी लवकर लागली का रे?" मी हो म्हणालो. खिशात नोटीस होती. दहा दिवसांत लेखी खुलासा घेऊन समितीपुढे हजर व्हा, नाहीतर नाव कमी केलं जाईल. नाव गेलं की शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेली की मी परत वांग्यांच्या वाफ्यात. वाफ्याची लाज नाही. पण वडिलांनी मला तिथून बाहेर काढायला काय केलं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने वाशीम गाठलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर सूज होती आणि बोलताना दम लागत होता, पण मला माझंच पडलं होतं. मी सगळं सांगितलं. संस्थेत नवा प्रोग्रॅम बसवला होता; यंत्रासमोर बसलं की तो आधी नाव विचारायचा. बाकीची मुलं आपापलं लहानसं नाव टाकायची. मी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण नाव टाकलं. कामरगावच्या शाळेत अर्धं नाव लिहिलं की छडी बसायची. नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. यंत्राने मला विद्यार्थी न समजता कर्मचारी समजलं आणि सगळ्या वर्गाच्या गुणांची यादी माझ्यासमोर छापायला सुरुवात केली. मागे ऑपरेटर येऊन उभा राहिला. माझ्यावर आरोप आला की मी कुलूप फोडलं.

बाईंनी एकच विचारलं, "कागद हाये का?"

कागद होता. त्या नव्या प्रोग्रॅमची चाचणीची प्रत रद्दीत आली होती आणि मी नेहमीप्रमाणे ती बाईंसाठी घेऊन ठेवली होती. मी सांगू लागलो, "बाई, या भागात नाव तपासायचं आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला असं म्हणायचं..."

"थांब. त्याच्या मनात काय होतं थे नोको सांगू. कागदावर काय हाये थे वाच."

मी वाचत गेलो. जिथे शंका आली तिथे बाईंनी लाल पेन्सिलने गोल केला. संध्याकाळपर्यंत एकतीस गोल झाले. मला धीर आला; म्हटलं, एवढ्या चुका! बाई म्हणाल्या, "पोरा, शंका घेणं सोप्पं हाये. सासूबी घेते. त्यातली खरी कोणती, थे सांगाले अक्कल लागते."

दुसरा आणि तिसरा दिवस एकेक गोल खोडण्यात गेला. मी रोज पहिल्या गाडीने यायचो, शेवटच्या गाडीने जायचो. प्रत्येक गोलापाशी बाईंचा तोच प्रश्न असायचा, "हे थांबते कुठी?" मोजणी दहावर थांबते असं कागदावरून दाखवता आलं की गोल खोडायचा. नुसतं "थांबत असेल" चालत नसे. मला राग येई. दिवस संपत होते आणि बाई माझी एकेक आशा खोडत होत्या. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की त्यांच्या?"

"मी कागदाच्या बाजूनं हावो. च्या घे."

चौथ्या दिवशी दुपारी दोन गोल उरले. त्यातला एक चहाआधी खोडला; दुसरा नावापाशी होता. बाईंनी ओल्या फडक्याने फरशी पुसली, वीस चौकोन आखले आणि त्यांना लागून एकविसावा, विटकरीच्या तुकड्याने, लाल.

"नावाले वीस घरं. हे लाल घर कोणाचं?"

"त्यात दर्जा असतो, बाई. शून्य असलं तर विद्यार्थी. दुसरं काहीही असलं तर कर्मचारी."

"आता यंत्राले जे नाव सांगतलं थे सांग. इंग्रजीतच. एकेक अक्षर."

मी सांगत गेलो, त्या चिंचोके ठेवत गेल्या. ज्ञानेश्वर, अकरा घरं. मग मोकळी जागा, तिचंही एक घर. मग सखाराम, आठ. वीस घरं भरली. बाईंचा हात तिथेच थांबला.

"पुढं?"

"मोकळी जागा. मग राऊत."

"वीस झाले म्हून यंत्रानं तुले थांबोलं का? कागद पाहून सांग."

मी ती ओळ तीनदा वाचली. ती ओळ एवढंच म्हणत होती की एन्टर दाबेपर्यंत येईल ते घेत राहा. किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "नाही, बाई. कोणीच थांबवत नाही."

"मोकळ्या जागेले यंत्रात शून्य म्हणते का?"

"नाही. तिलाही आकडा असतो. बत्तीस."

बाईंनी चिंचोका उचलून लाल घरात ठेवला. "घे. झाला तू कर्मचारी. तुह्या आडनावाची तं गरजबी नाही पडली."

मी हसलो की रडलो ते आठवत नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. चिंचोके वाटीत भरत त्यांनी विचारलं, "यादी पाह्यली?"

"आपोआप छापली, बाई."

"थे नाही विचारलं."

मी फरशीवर राहिलेला एक चिंचोका उचलून वाटीत टाकला. शेवटी मी म्हणालो, "पाहिली. आधी माझे गुण पाहिले. मग बाकीच्यांचे. बंद करता येत होतं. केलं नाही."

"भोक त्याइचं. पाह्यणं तुहं. दोनी लिहाचं."

"मग ते मला काढतील."

"काढतील तं काढतील. पण खुलाश्यातली एक ओळ खोटी निंघाली, तं बाकीच्या खऱ्या ओळीवर कोण इश्वास ठेवन?" मग म्हणाल्या, "आन भोक बुजवाचं कसं, थे बी लिहाचं. मोजून घ्या, वीस झाले की थांबा. लिफाफा फक्त विभागप्रमुखाले द्याचा. बुजल्याबिगर पोरायले सांगाचं नाही, नाहीतं उद्या सारेच आडनाव लावतीन."

समितीपुढे मी लिफाफा विभागप्रमुखांच्या हातात दिला. प्रमुखांनी खुलासा वाचला आणि सगळ्यांना यंत्रापाशी नेलं. त्यांनी आधी आपलं लहान नाव टाकलं. काही झालं नाही. मग माझं पूर्ण नाव टाकलं. यादी छापू लागली. एक सभासद वैतागून म्हणाले, "पण एवढं लांब नाव लिहितं कोण?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळेच, सर."

मला काढलं नाही. यादी वाचत बसलो म्हणून महिनाभर मला संगणक खोली बंद झाली, आणि ते मला मान्य होतं. जाताना प्रमुखांनी विचारलं, "हा प्रोग्रॅम तुम्ही कुठं चालवून पाहिलात?" मी म्हणालो, "चालवला नाही, सर. वाशीमला आमच्या बाई आहेत, त्यांनी वाचला." त्यांनी माझा खुलासा पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या. यंत्र दाखवू."

हे मी बाईंना पत्रात कळवलं. त्याच पत्रात असंही लिहिलं, की परदेशात म्हणे आता एक प्रोग्रॅम निघाला आहे. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला न चालवता नुसता वाचतो आणि शंका काढून देतो. बाईंचं उत्तर कार्डावर आलं. पावसाळ्यानंतर बरं वाटलं की येईन, आणि त्या प्रोग्रॅमला विचार, शंका काढतोस ते ठीक, खोडतं कोण? सोबत नवा, दुरुस्त केलेला प्रोग्रॅम मागितला होता. प्रमुखांच्या परवानगीने मी तो पाठवला आणि वाट पाहत राहिलो. पावसाळा गेला. मी दोन पत्रं टाकली. बाई वेळ घेतात, हे मला माहीत होतं.

दिवाळीनंतर जाड लिफाफा आला. आत तेच कागद होते. समासात लाल खुणा. एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत प्रत्येक ओळीपुढे एक. त्याच्या खाली कोरं. वर बाईंच्या भावाची चिठ्ठी होती, ती जशीच्या तशी उतरवतो.

"ताई मागच्या मंगळवारी अकोल्याच्या दवाखान्यात वारली. छातीचंच होतं, जुनं. कागद खाटेवर घेऊनच होती. डॉक्टर म्हणे, बाई, आराम करा. तं ताई म्हणे, बसूनच तं राह्यली मी. तुमचे कागद तुमाले परत पाठवून राह्यलो. ताईनं सांगतलं होतं, बेचाळीसपासून पुढं त्याले वाचाले सांगजो."