डॅन्यूबवरची पाचवी बाई

बाबा गेले त्या वर्षी आई माझ्याकडे रियाधला आली. कुठे फिरायचंय का, असं विचारलं तर म्हणाली, बर्फ बघायचाय. मला आश्चर्य वाटलं. बाबांच्या लेखी सहल म्हणजे ऐश आणि ऐश म्हणजे कुणाच्या तरी घामाची चोरी. लग्न झाल्यापासून दोघं शिबिरं आणि परिषदा सोडून कुठे गेलेच नव्हते. आमच्या घरात देव नव्हते, चळवळीची पत्रकं होती. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच, घड्या घालता घालता.

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळातल्या चार जणींनी डॅन्यूब नदीवरच्या बोटीची सहल ठरवली होती. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, वाटेत गावोगावचे ख्रिसमसचे बाजार. माझ्यासकट कुणाचाच नवरा येणार नव्हता, कारण इथे नाताळची सुट्टी नसते आणि डिसेंबरात ऑफिसं वर्षअखेरीच्या कामात बुडालेली असतात. मलाही रजा भांडूनच मिळाली. इकामा, म्हणजे इथला रहिवासी परवाना, नसलेल्यांना रियाधमधून युरोपचा व्हिसा मिळत नाही, म्हणून आई मधे मुंबईला जाऊन तो काढून आली. बोटीची सहल मला पटत नव्हती. पण आईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं.

निघण्याआधी मार्गशीर्ष लागला. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यामुळे लक्ष्मीच्या व्रताचा गुरुवार रियाधच्या बायकांना पुण्यातल्यापेक्षाही सोयीचा पडतो. ऑफिस सुटलं की पडदे ओढलेल्या एखाद्या दिवाणखान्यात बेताच्या आवाजात आरती, मग हळदीकुंकू, मग जेवण. पहिला गुरुवार वहिनींकडे होता. वहिनी म्हणजे आमच्या मंडळातली सगळ्यात जुनी बाई, सगळ्या त्यांना वहिनीच म्हणतात. बोटीची सहलही त्यांनीच ठरवली होती.

मी हळदीकुंकू घेत नाही. बायकांनीच बायकांची केलेली ती वर्गवारी आहे, हे ऐकतच मी वाढले आणि आजही मला तसंच वाटतं. पण आई आनंदाने आली होती. तिने पुऱ्या लाटल्या, कुणाच्या तरी लेकीची वेणी घातली. आरती झाली. वहिनींनी कुंकवाचा करंडा उचलला आणि आई कुणी काही न सांगता उठून स्वयंपाकघरात गेली. कपाळावर टिकली होती. बाबांनी जाण्याआधी तिच्याकडून ती न काढण्याचं वचन घेतलं होतं.

मग मी बोलले. बरंच बोलले. विधवेला कुंकू नाकारणं हा अपमान कसा आहे, तो करणाऱ्या शिकल्यासवरलेल्या बायका कशा आहेत, असं सगळं. कुणीतरी पुटपुटलं, "अगं, आम्ही कुठे काही म्हटलं?" ते खरंच होतं. कुणी काहीच म्हणत नाही, तरी बाई उठते. मी हेही म्हणाले. शेवटी एक जण हसून म्हणाली की हिला वाण नका देऊ, ही उलट पत्रक देईल. सगळ्या हसल्या. गाडीत आई एवढंच म्हणाली की आता घरी चल, दमले.

मीही दमले होते. खरं तर बोटीवर चढले तेव्हा मी भांडायच्या अवस्थेतच नव्हते. पहिले दोन दिवस नुसती झोपले. जाग आली की खिडकीतून राखाडी पाणी आणि राखाडी काठ सरकताना दिसायचे. संध्याकाळी बोट एखाद्या गावाला लागे आणि आम्ही बाजारात जात असू. लाकडी टपऱ्या, भाजलेले चेस्टनट, लवंग-दालचिनीच्या गरम वाइनचा वास. आई साडीखाली लोकरी पायमोजे घालून, माझं जाकीट चढवून, प्रत्येक टपरीपुढे थांबायची. तिसऱ्या गावात म्हणाली, "सगळीकडे तेच तेच मांडलंय गं." पण थांबायची मात्र. बर्फ कुठेच पडला नव्हता. पाऊस होता, बारीक आणि न संपणारा.

शेवटचा गुरुवार बोटीवर आला. वहिनींनी उद्यापनाची तयारी रियाधहूनच आणली होती. तांब्या, नारळ, पोथी, करंडा. आंब्याच्या डहाळीऐवजी बाजारातून ख्रिसमसच्या झाडाची डहाळी आणली. खोलीत काही पेटवायला बंदी, म्हणून दिव्याच्या जागी बॅटरीवरची मेणबत्ती. खीर न्याहारीच्या दुधात शेवया भिजवून केली होती.

दुपारी वहिनी आणि दुसरी एक जण आमच्या केबिनच्या दारात आल्या. उद्यापनाला पाच सवाष्णी लागतात. "मला धरून चार होतात," वहिनी म्हणाल्या. "परदेशात मला धरलं तर देवी रागावणार नाही, पण पाच तरी हव्यात. आजच्या दिवस ये गं. भाषण उद्या कर."

मी नाही म्हणाले. आई केबिनमधल्या बेसिनवर मोजे पिळत होती.

"मग शेजारच्या जर्मन आजींना बोलावू या का?" दुसरीने विचारलं. "गोड आहेत. रोज हसतात."

"त्या विधवा नसतील कशावरून?" वहिनी म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. केबिन एवढीशी. कुणालाच कुठे बघायला जागा नव्हती. आईने दुसरा मोजा पिळला. वहिनींचा चेहरा लाल झाला आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "काकू, तुम्हीच या ना. इथे कोण बघतंय. चालतं परदेशात."

त्या गेल्यावर मी म्हणाले, जायचं नाही. रियाधला तुला बाजूला ठेवायचं आणि इथे आकडा भरायला बोलवायचं? कुणी बघत नाही म्हणून चालतं, म्हणजे चालतच नाही. माझं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबरच आहे.

आई साडी बदलत होती.

"तुझे बाबा म्हणाले, टिकली काढू नकोस. नाही काढली," ती म्हणाली. "तू म्हणतेस, स्वयंपाकघरात जाऊ नकोस. आता म्हणतेस, तिकडेही जाऊ नकोस. मला कुणी विचारलंय का, मला कुठे बसायचंय?"

"कुठे बसायचंय?"

"बायकांत. आयुष्यभर सभेच्या शेवटच्या रांगेत बसून चहा मोजला मी. मला बायकांत बसून खीर खायचीये. आकडा भरायला तर आकडा भरायला."

ती गेली. मी वरच्या डेकवर जाऊन पावसात उभी राहिले. आई परत आली तेव्हा टिकलीच्या वर कुंकवाचं बोट होतं आणि ओटीत एक संत्रं. खीर पाणचट होती म्हणाली आणि झोपली. मी बराच वेळ तिच्या कपाळाकडे बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. फक्त पाय दुखत होते.

रियाधला परतलो आणि संक्रांत आली. वहिनींचा फोन आला. हळदीकुंकू आहे, तू घेत नाहीस ते माहितीये, पण ये. आणि काकूंना आण, तिळगूळ वळायला मदत होईल. इथे बायका पंचवीस-तीस जमणार होत्या, आकड्यासाठी काही अडणार नव्हतं. मी फोन खाली ठेवून आईला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिला राग येईल.

"वळीन की," आई म्हणाली. "पण मग दिवाणखान्यात बसणार."

तिने तिळगूळ वळला, हात धुतले आणि दिवाणखान्यात येऊन मधल्या सोफ्यावर बसली. दोन्हीकडे बायका. वहिनी करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या, आईपाशी थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. सगळी वाक्यं तयार होती. मी इतकी थकले होते की एकही उचलता आलं नाही.

"तिच्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "बोटीवर लावलंत ना? मग इथेही लावा."

वहिनींचं बोट जरा वेळ करंड्यातच राहिलं. शेजारच्या दोघी गालिचाकडे बघत होत्या. एक जण उठून पाणी प्यायला गेली आणि पुन्हा त्या सोफ्यावर येऊन बसली नाही. आई मान वर करून तशीच बसून राहिली. मग वहिनींनी कुंकू लावलं, भरभर, आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या.

आईने पदर सारखा केला आणि शेजारणीला विचारलं, गूळ कुठल्या दुकानातला.