मामीच्या खतावर फिनेल

माझी मामी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. डेपोला टाळं लागलं आणि वस्तीतल्या निम्म्या घरांचं काम गेलं. बाकीचे कपाळाला हात लावून बसले. मामीनं डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत वस्तीभरचा ओला कचरा साठवायला सुरुवात केली. भाजीची देठं, न्हाव्याकडचे केस, शिळंपाकं, सगळं. त्यात गांडुळं सोडली. लोक तिला घाणमामी म्हणायचे. म्हणा बापडे! त्याच खतावर वाफे धरले, भाजी आली, तेव्हा हेच लोक पिशव्या घेऊन हजर. आणि कचऱ्याच्या बादलीत टाकायचे काय, तर वापरलेली ब्लेडं आणि पोराबाळांची घाण. मामी ते हातानं निवडायची. मी लांबूनच बघायचे.

मग बागेची समिती निघाली. समिती म्हणजे डेपोतला जुना तिकीट तपासनीस आणि त्याची चार टाळकी. अध्यक्ष अर्थात तोच. डेपोच्या जागेचं काय करायचं हे जिच्या हातात, ती एक मोठी अधिकारी बाई रविवारी पाहुणी म्हणून बाग बघायला येणार होती. त्यांच्या मनात भरली, तर जागा वस्तीलाच राहणार होती.

शनिवारी अध्यक्षाच्या नाकाला ढिगाचा वास लागला. इतकी वर्षं भाजी नेताना लागला नव्हता! त्यानं कॅनच्या कॅन फिनेल ढिगावर ओतवलं आणि वर पाण्याची नळी सोडली. रविवारी सकाळी मी आणि मामी गेलो, तर गांडुळं वर येऊन मरून पडलेली. पांढरं पाणी उतारावरच्या पालकाच्या वाफ्यात मुरलेलं. मामी ढिगावर वाकली. ओंजळीत गांडुळं घेऊन बघत राहिली, एखादं तरी हलतंय का.

"अहो, हा पालक आता खायचा नाही," ती अध्यक्षाला म्हणाली.

"पाहुणे जाईपर्यंत गप्प बसा, मामी. बाईंच्या हातानं पहिली जुडी काढायचीय. जागा हवी ना?"

"आणि कुणाच्या पोटात गेला म्हणजे?"

"एका जुडीनं कोण मरतंय!"

शी! अशा माणसाच्या मागे उभं राहायचीसुद्धा लाज वाटते.

बाई आल्या. मातीनं माणसं जोडली, असं काहीतरी बोलल्या. मामीला सगळ्यांच्या मागे उभं केलं होतं, म्हणे अंगाला वास येतो. बाई वाफ्याकडे वळल्या, तशी मामी गर्दीतून घुसली आणि मुठी भरभरून पालक उपटायला लागली. "यात फिनेल गेलंय! कुणी खाऊ नका!"

"वय झालंय हो, डोकं ठिकाणावर नसतं," अध्यक्ष बाईंना हसत सांगत होता. बाई गाडीत जाऊन बसल्या. जागेचा विषयसुद्धा निघाला नाही.

मग सगळे मामीवर तुटून पडले. तोंडाला येईल ते बोलले. आणि बोलता बोलता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, खाली पडलेला पालक गोळा करत होते! कुणी पिशवीत, कुणी टोपीत. मामी एकेकीचा हात धरून सांगत होती, "अगं बाई, विष आहे ते!"

"धुऊन घेऊ की," बाया म्हणाल्या.

मामीला तिच्या खोलीवर सोडून मी घरी आले. किळस आली होती मला त्या अख्ख्या वस्तीची. दार उघडलं, तर कधी नव्हे ते नवरा गॅसपाशी उभा. कढईत पालक शिजत होता.

"फुकट मिळाला," तो म्हणाला. "तुझ्या मामीच्याच हातचा आहे."

मी कढई उचलली आणि मोरीत उपडी केली.

"अगं, चांगला तीनदा धुतला होता," तो म्हणाला.