सविताचा सिनेमा आणि फेट्यांची रांग

मंडळी, आज काष्टीत ‘सिनेमातल्या स्त्रिया’ या विषयावर बोलून आलो. असल्या विषयाला आपल्याकडे वक्ता पुरुषच लागतो.

मेक्सिकोतल्या एका जुन्या दिग्दर्शिकेबद्दल बोललो. वर्षानुवर्षं तिला सेटवर फक्त नोंदी करायला ठेवलं, कारण दिग्दर्शन म्हणे बाईचं काम नव्हे. तिनं घर विकून स्वतःचे सिनेमे काढले. मग धंद्यातल्या पुरुषांनी दारं लावून घेतली. पुढचा सिनेमा काढेपर्यंत ती म्हातारी झाली होती. टाळ्या कडकडून पडल्या.

त्यानंतर गावातल्या सविताची फिल्म होती. बाजारात कांदा निवडणाऱ्या बायकांवर तिनं मोबाईलवर काढलेली. पण आधी सत्कार! सरपंच, चेअरमन, चेअरमनचे मेहुणे, सगळ्यांना फेटे. फेट्यांचं ताट धरून उभी कोण? सविता.

“अण्णा, माझी फिल्म लावता ना?” तिनं आयोजकांना विचारलं.

“आता कुठं टाइम हाय? जेवनं गार व्हायलीत. तू काय, घरचीच हाय. पुढच्या साली दावू की!”

फिल्ममधल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून पुढेच बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच मंडपवाल्यानं पडदा गुंडाळला.

तुमच्या गावात ‘घरचीच’ म्हणून कुणाकुणाला गुंडाळून ठेवलंय?