चष्मा घरी ठेवून गेलो तवा

आता काय सांगू तुम्हाले, माणूस एवढा गाढव असू शकते का? चहा घ्या, थंडा होईल. घेता घेता ऐका, अन् मंग तुमीच ठरवा.

माह्या चष्म्याचा नंबर मायनस आठ. काचा अशा जाड, की दिग्रसच्या बाजारात लोकं मले नाही, माह्या चष्म्याले रामराम करत! त्यात साळीचं, म्हणजे बायकोच्या बहिणीचं, लग्न निघालं. बायको म्हणे, "फोटोत तरी डोळे दिसू द्या जी." मंग काय, यवतमाळले जाऊन लेन्स आणल्या. डॉक्टरनं बजावलं, हात साबणानं धुवा, झोपताना काढा, वेल्डिंगच्या धुरात घालू नका. पहिल्या दिवशी आरशासमोर घंटाभर मी रडून राह्यलो. बायको दारातून म्हणे, "काय झालं? कोण गेलं?"

कोणी गेलं नव्हतं हो. तवा तरी.

लग्न आटोपून येताना रहीमचाचाच्या घरी शिरलो. चाचा माहे उस्ताद. बारा वर्षं त्यायच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो, अन् मंग त्यायच्याच दुकानासमोर आपलं दुकान टाकलं! दोन वर्षं बोलणं बंद. आता चाचा खाटेवर पडले असं ऐकलं, तवा माफी मागाची म्हणून गेलतो.

मोतीबिंदू पिकलेला, ठोकठोक ऐकून कानही मंद झालेले. मी जवळ गेलो तं म्हणे, "कोण?"

मी इनशर्ट सारखा करत खाटेजवळ उभा राह्यलो.

"दवाखान्यातले का? बसा साहेब. पण ऑपरेशनचं म्हणसान तं नाही म्हणजे नाही!"

मले हसू आलं. चष्मा नाही, लग्नातला इनशर्ट, कसं ओळखतीन? म्हणलं, थोडी गंमत करू. अन् खरं सांगू का? नाव सांगाची हिंमतच नव्हती. आवाज जाडा करून मोठ्यानं म्हणलं, "हो चाचा, दवाखान्यातूनच."

"माह्या दुकानासमोरच्या गजूले ओळखता का?"

"थोडंफार," म्हणलं. गजू म्हणजे मीच ना!

"गधा आहे एक नंबरचा! पहिलं गेट केलं ते उलटं बसवलं. भाले खाली, चाकं वर!" हसता हसता त्यायले ठसका लागला. मंग हळूच म्हणे, "पण हात लय साफ आहे त्याचा. माह्यापेक्षा साफ. त्याले सांगजा साहेब, चाचाची नाराजी नाही. दुकान टाकलं, बरं केलं. बस, एक डाव येऊन जाय म्हणा."

"तुमच्या पोरालेच धाडा ना त्याले बोलवाले."

"कायले? म्हणन, उस्ताद झुकला! तुमी परके, तुमच्याजवळ सांगाले काय लाज? त्याच्या चष्म्याची चमक दिसली, की मी ओळखतो त्याले."

माहे डोळे असे भरले, की उजवी लेन्स घसरून खाली! मी फरशीवर हात फिरवून राह्यलो, अन् चाचा विचारे, "काय सांडलं साहेब?"

तवाच सांगाचं होतं ना! पण वाटलं, अशा रडक्या तोंडानं नको. उद्या चष्मा घालून येतो, पाय धरतो, दवाखान्याच्या साहेबाचा किस्सा सांगून त्यायले पोट धरून हसवतो. म्हणलं, "गजूले सांगतो, चाचा," अन् एका डोळ्यानं रस्ता चाचपत घरी आलो.

सकाळी चष्मा चांगला पुसला, जिलेबी घेतली अन् गेलो. अंगणात माणसं बसलेली. चाचा पहाटेच गेलते.

त्यायचा पोरगा जावेद गळ्यात पडला. "गजूभाऊ, अब्बा काल दिवस बुडेपर्यंत दाराकडेच पाहून राह्यलेते. म्हणे, दवाखान्यातले एक साहेब आलते, लय भला माणूस, त्याच्याजवळ गजूसाठी निरोप दिला. भेटला का तुम्हाले?"

"भेटला रे," म्हणलं. हातात जिलेबीचा पुडा, नाकावर मायनस आठचा चष्मा, अन् पाहणारं कोणी नाही.

चाचा गेले तवा त्यायच्या हिशोबानं तो साहेब लय भला होता. पाह्याले आला, दोन घटका बसला. गजू मात्र आलाच नाही.