बाळसं आणि सूज

बातमी आली तेव्हा मी पुण्यात एका बैठकीत उभी होते. मागे पडद्यावर आमच्या पोषण प्रकल्पाचा आलेख होता आणि समोरचे एक अधिकारी विचारत होते, की ऊसतोडीच्या हंगामात मुलांची वजने वाढली, ही तुमची जमेची बाजू समजायची ना? फोन टेबलावर थरथरत होता. मॅडमच्या भाचीचे नाव दिसले आणि मी उत्तर अर्धवट सोडून बाहेर आले, कारण मॅडमच्या घरून मला कुणी फोन करत नसे. करायच्या त्या स्वतः, आणि तेही बहुधा रागावण्यासाठी. "मावशी गेली गं... जेवून खुर्चीत टेकली, ती तशीच." आत परतले तेव्हा ते अधिकारी अजून वाट पाहत होते. मी म्हणाले, "नाही. वाढलेले वजन नेहमीच जमेचे नसते." ते उत्तर माझे नव्हते. ते कुणाचे होते आणि कोणत्या दिवशी मला मिळाले, हे लिहून ठेवायला हवे असे त्यानंतरच्या आठवड्यांत सतत वाटत राहिले.

डॉ. उषा, आम्हा सगळ्यांच्या 'मॅडम', सोलापुरात आयुष्यभर बालरोगतज्ज्ञ होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी श्रीपूरच्या परिसरात, उसाच्या फडांजवळ उतरणाऱ्या तोडणी मजुरांच्या वस्तीवर मुलांसाठी काम सुरू केले. त्यांचे म्हणणे सरळ होते. सर्वांसाठी आरोग्य म्हणताना आपण आरोग्य पत्त्यावर पाठवतो, आणि ही मुले पत्त्यावर नसतात. गावच्या अंगणवाडीत नाव आहे, आहारही तिथेच येतो. मूल मात्र अर्धे वर्ष उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत. म्हणून रोजचा गरम आहार, आठवड्याला वजन आणि गरज पडली तर सोलापूरच्या रुग्णालयातल्या कुपोषित बालकांच्या कक्षात भरती, हे सगळे वस्तीपर्यंत न्यायचे. मी पोषणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मुलाखतीला गेले आणि प्रामाणिकपणे सांगितले, की काही वर्षांत मला धोरण आखणाऱ्यांच्या टेबलाशी बसायचे आहे. "बस की," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक येतो?" नाही म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मग माझ्या पातेल्यापासून लांब राहा. वजनकाटा सांभाळ."

मी काटा सांभाळला, आणि त्यावरून आमचे वाजतही राहिले. मला नोंदी एकसारख्या हव्या असत. त्यांना घाई असे. मी कार्यपद्धती लिहून काढायची, त्या ती वस्तीवर पोचण्याआधी जीपमध्येच मोडायच्या. तरीही वजनाच्या रेषेवर आम्हा दोघींचाही विश्वास होता. रेषा वर गेली की मूल सुधारले. गेल्या हिवाळ्यात, पूजा नावाच्या दीडएक वर्षाच्या मुलीने तो विश्वास मोडला.

पूजा सांगोल्याकडच्या कोरडवाहू भागातून आलेल्या कुटुंबातली. आई संगीता, बाप भारत, आणि लेकराला राखायला सोबत आलेली आजी धोंडाबाई. त्या सकाळी काट्यावर पूजाचे वजन बरेच वाढलेले दिसले आणि मी खुशीत आकडा मोठ्याने वाचला. धोंडाबाई तर आधीच फुलून गेली होती. "बाळसं धरलंय की पोरीनं! गाल बगा, कसं लोन्यागत झाल्यात. आनि लई शानी झालीया आता, रडत सुदीक न्हाय." नजर लागू नये म्हणून तिने नातीच्या गालावर ठसठशीत तीट लावली होती आणि पायात काळा दोरा बांधला होता. मॅडम पातेल्याजवळून उठून आल्या. त्यांनी गालांकडे पाहिलेच नाही, त्या दोऱ्याकडे पाहत होत्या. दोरा घोट्यात रुतला होता.

त्यांनी पूजाच्या पावलावर अंगठा टेकवला, थोडा वेळ दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. मी वर्गात हे चित्रांत पाहिले होते. जिवंत त्वचेवर पाहिले नव्हते. आहारातली कमतरता फार खोल गेली की अंगात पाणी साठते, वजन वाढते, गाल भरतात, मूल मंद आणि शांत होते. आजीला ज्या खुणा बाळशाच्या वाटत होत्या, त्या सगळ्या बुडत्या मुलीच्या होत्या.

आणि इथे मॅडमची चूक झाली. त्यांचा आवाज चढला. "हे बाळसं नाही, सूज आहे. आजच्या आज दवाखान्यात नेली नाही तर ही पोर हातची जाईल."

भरल्या गालाच्या लेकराबद्दल असले शब्द तोंडातून काढायचे नसतात. भोवती जमलेल्या बायका एकेक पाऊल मागे सरकल्या. धोंडाबाईने नातीला ओढून घेतले. "आगं बया! गुबगुबीत लेकरू डोळ्यात सलाय लागलं व्हय तुमच्या? तुमचीच दिष्ट लागंल तिला!" ती नातीला घेऊन कोपीत शिरली. पाठोपाठ संगीता गेली आणि तिने दाराला पोत्याचा पडदा ओढला. रांगेतल्या इतर आयाही आपापली मुले उचलून पांगल्या. आमचा काटा झाडाला नुसता लोंबकळत राहिला.

तेवढ्यात टोळीचा मुकादम आला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याचे बोलणे जास्त बोचले. "डाक्टरीणबाई, पोरगीसंगं आई जानार. मग भारतचा कोयता अर्दा झाला. अर्द्या कोयत्याला टोळीत कोन घेतंय?" ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा माणूस हे दोन्ही करू शकत नाही. भारत शेजारीच उभा होता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. त्याने ना मुकादमाकडे पाहिले, ना आमच्याकडे.

मी मॅडमना बाजूला घेतले. काट्यावर ठेवताना धरलेला पूजाचा थंडगार हात अजून माझ्या तळव्याला जाणवत होता. तिच्याकडे किती वेळ होता, ते आम्हाला ठाऊक नव्हते. मी म्हणाले, पोलिसांना बोलावू, कायदा आपल्या बाजूने आहे. "बोलाव," मॅडम म्हणाल्या, "आणि पुढच्या आठवड्यात काट्यावर कोणाचं मूल ठेवणार आहेस?" मग थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पण आज ही गेली, तर पुढचा आठवडा घेऊन काय करू..." त्यांना पेचात पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दोन्ही वाटांनी कुणाचे तरी मूल हातचे जात होते, आणि पडद्याआडून आवाज येत नव्हता. पूजा रडली असती तर आम्हा दोघींनाही बरे वाटले असते.

मॅडम कोपीपाशी गेल्या आणि दारासमोर, मातीत बसल्या. "आजी, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं. आजी..." आतून फणकारा आला, "आजी कुनाला म्हंतीस? तूच माज्यापरास थोरली दिसतीस!" मागे कुणीतरी फिस्सकन हसले. "व्हय गं, थोरलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "मग थोरलीचे पाय तरी बघ बाहेर येऊन." त्यांनी चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर घेतली आणि धोंडाबाईने पोत्याच्या कडेतून डोकावेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी अंगठा स्वतःच्या घोट्यावर टेकवला, दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला. पूजाच्या पावलावर होता, त्याहून खोल.

"सांग बरं, धोंडाबाई, मी बाळसं धरलंय का?"

"ह्या वयात कसलं बाळसं बया..." ती म्हणाली आणि हसता हसता थांबली. तिने त्या पायाकडे पाहिले, मग कडेवरच्या नातीच्या पायाकडे. हळूच स्वतःचा अंगठा नातीच्या पावलावर टेकवला. किती तरी वेळ ती तो उचलायलाच तयार नव्हती. उचलला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "संगे," तिने आत हाक मारली, "पदर खोच आनि नीग." मुकादम काही बोलायला गेला. तिने त्याला तोंड उघडू दिले नाही. "कोयता अर्दा कशाचा? मी हाय की! तुजी आई जल्माला यायच्या आदीपास्नं मोळ्या बांदतीया मी." भारतने पहिल्यांदा मान वर केली.

सोलापूरच्या वाटेवर जीपमध्ये मी पूजाला गोधडीत गुंडाळून संगीताच्या पोटाशी धरून ठेवले होते आणि माझे लक्ष मॅडमच्या पायांकडे जात होते. "ही सूज कधीपासून आहे?" मी विचारले. "तो तुझ्या प्रकल्पाचा निर्देशांक नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे हृदय थकले होते, त्याची ती सूज. त्यांना ते माहीत होते, औषधेही चालू होती. भरती होऊन नीट उपचार घ्यायला मात्र त्यांना सवड नव्हती.

कक्षातले पहिले दिवस सर्वांत कठीण गेले. अंगातले पाणी उतरू लागले तसे पूजाचे गाल बसले, फासळ्या दिसू लागल्या, वजनाची रेषा खाली आली. संगीताने सामान बांधायला घेतले. "हितं आनून वाळवली माजी पोर. आनताना बरी हुती." परिचारिकांनी समजावले, मी समजावले, शास्त्र बरोबर असूनही त्या आईपुढे ते खोटे दिसत होते. मॅडम रोज येऊन तिच्या खाटेशी बसत. युक्तिवाद करत नसत. वाटीतले दूध चमच्याने पाजायचे, पुसायचे, पुन्हा पाजायचे. मग एके दुपारी पूजाने चमचा दूर होताच तोंड वेंगाडले आणि सगळा कक्ष दणाणेल असे भोकाड पसरले. संगीता घाबरून उठली. मॅडम मात्र भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. "रडू दे. भूक लागलीय तिला," त्या म्हणाल्या. "आता वाचेल ही."

त्यानंतर मी त्यांच्या मागे लागले. हंगामाचे काम मी बघते, तुम्ही भरती व्हा. 'हंगाम संपू दे,' म्हणाल्या. हंगाम संपला, तर अहवाल संपू दे. अहवाल संपला, तर पुढच्या टोळ्या यायच्या आधी पातेली कल्हई करून घेऊ दे... उपचार कामाची वाट पाहू शकत नाही, हे आयुष्यभर आयांना सांगणारी स्त्री स्वतःचे उपचार मात्र कामापायी पुढे ढकलत राहिली. मी याचा पुष्कळ विचार केला आहे आणि मला त्यात उदात्त काही दिसत नाही. ती त्यांची चूक होती. मला त्यांचा राग येतो, आणि तो ओसरावा असेही वाटत नाही.

दिवाळीनंतर टोळ्या परत आल्या. पहिल्या वजनाच्या सकाळी धोंडाबाई नातीला घेऊन आली आणि माझ्या मागे, रिकाम्या जीपकडे पाहू लागली. "थोरली कुटं हाय?" मी सांगितले. तिने नातीला खाली उतरवले. मग म्हणाली, "तिच्या जागी हुबं ऱ्हायाला कुनी नव्हतं व्हय?"

"मी होते, आजी. त्यांनी सोडलंच नाही."

धोंडाबाईने डोळे पुसले, पूजाला माझ्याकडे ढकलले आणि म्हणाली, "मग आता धर."

मी पूजाचे पाऊल हातात घेतले. तिने लाथ झाडली आणि मोठ्याने किंचाळली. "हात गार हायत की तुजे!" धोंडाबाई खेकसली. तेव्हा मला आठवले, मॅडम कुठल्याही मुलाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत असत. बोलता बोलता, रागावता रागावता, अगदी ऊब येईपर्यंत. इतके सवयीचे, की माझ्या कार्यपद्धतीत ते लिहायचे राहूनच गेले होते. पूजा आजीच्या मांडीआड लपून माझ्याकडे संशयाने पाहत होती. मी तळवे जुळवले आणि घासू लागले.