दामू सरांचे सुपारीचे रेणू

दामू सर आमच्या पेडण्याच्या घरी भाडेकरू म्हणून आले आणि आमच्या खराट्याला टक्कल पडू लागलं. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. हात रिकामा राहिला की खराट्याचा हीर उपटायचा, ओल्या सुपारीत खुपसायचा, की झाला रेणू! सुपारी म्हणजे कार्बन.

सर वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट गोवा राज्य झालं त्या दिवसांतली. कोंकणी की मराठी म्हणून बाजारात माणसं हमरीतुमरीवर यायची. सर मात्र शिकवायचे इंग्रजीत, समजवायचे कोंकणीत आणि मला चिठ्ठी लिहायचे मराठीत! तंटा दिसला की म्हणायचे, "मातशी सुवात सोडा. सुवात मेळ्ळी की सगळीं शांत जातात." मातशी सुवात म्हणजे थोडी जागा हो. माणसांचं आणि रेणूंचं सरांकडे एकच औषध.

माझी सुषमा रसायनात एकदा नापास झालेली. आमच्या ह्यांनी बजावलं होतं, "यंदा गेली तर कॉलेज बंद. स्थळं बघायची." म्हणून सर तिला रोज शिकवत.

पेपरच्या आदल्या दिवशी माझी नणंद आली. घरात सुपारी संपलेली. मी काय करावं? सरांनी सुषमासाठी खिडकीत मांडलेल्या रेणूच्या सुपाऱ्या काढल्या, कातरल्या नि ठेवल्या तबकात! सर आले. त्यांनी रिकामी खिडकी बघितली, मग नणंदेचं हलतं तोंड.

"वयनी, ह्या कार्बन चावतायत!"

सुषमा रडायलाच लागली. "आई, उद्या त्याच रेणूचे आकार विचारणार!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोदकांची उकड काढलेली होती. तिचेच गोळे वळले, सर सांगतील तसे हीर खोचले, टोकांना हायड्रोजन म्हणून चिमुकले गोळे लावले. सहा-सहा कार्बनची दोन कडी केली. एकाची दोन्ही टोकं वर, होडीसारखी. दुसऱ्याचं एक वर, एक खाली, आरामखुर्चीसारखं.

"सांगा वयनी, खंयचें घट्ट?" दोन्हींतलं कुठलं टिकेल, ते सर मलाच विचारत होते.

मी वाकून पाहिलं. "होडीत हे वरचे दोन चिमुकले गोळे कपाळं आपटतायत. बाजूचे हीरही समोरासमोर अडलेत. खुर्चीत कुणी कुणाच्या वाटेत नाही. हीच टिकणार."

"हेंच बरय गो बाय," सर सुषमाला म्हणाले. बरय म्हणजे लिही.

प्रश्न आला, सुषमा पास झाली. ह्यांनी सरांचे आभार मानले, तर सर म्हणाले, "माका कित्याक? वयनीन शिकयलें."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. निकालाचा कागद पुन्हा वाचला. मग हाक मारली, "सुषमा, पुढच्या वर्षाची पुस्तकं म्हापशात मिळतात, की पणजीला जायला हवं?"